एका पुरणपोळीचा दर

दोन वर्षांपूर्वी गणेशोत्सवाच्या तोंडावर माझ्या वहिनीने एक मोठी ऑर्डर परत पाठवली. ती घरून पुरणपोळ्या करून देते, नगाला ४० रुपये घेते आणि प्रत्येक खर्च एका जाड वहीत लिहून ठेवते. जवळच्या एका मंडळाला महाप्रसादासाठी ३०० पोळ्या हव्या होत्या आणि नगामागे ३० रुपये देण्याची त्यांची तयारी होती. ऑगस्टची बेरीज अजून व्हायची होती, म्हणून वहिनीने जूनचे पान उघडले. त्या महिन्यात ४२० पोळ्या झाल्या होत्या आणि एकूण खर्च १५,४८० रुपये होता. भागाकार केल्यावर एका पोळीला ३६ रुपये ८६ पैसे आले. "छत्तीसला पडणारी पोळी तिसाला कशी देऊ, भाऊजी?" असे तिने मला फोनवर विचारले. मी तेव्हा शाळेतून घाईने निघालो होतो, आणि नीट विचार न करता "नाही परवडणार" असे उत्तर देऊन मोकळा झालो.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. पुढच्या रविवारी वहिनीने ऑगस्टची बेरीज मला दाखवली, तेव्हा आपण दिलेले उत्तर चुकीचे होते हे माझ्या लक्षात आले. श्रावणामुळे त्या महिन्यात ९१० पोळ्या गेल्या होत्या, खर्च २४,५४५ रुपये झाला होता आणि त्याच भागाकाराने पोळी २६ रुपये ९७ पैशांना पडत होती. डाळ, गूळ, तूप यांचे भाव दोन महिन्यांत विशेष बदलले नव्हते, पोळीचा आकारही तोच होता. मग पोळी जूनमध्ये सदतीसला आणि ऑगस्टमध्ये सत्तावीसला कशी पडेल? मंडळाला उत्तर देताना यांतला कोणता आकडा धरायला हवा होता? मला मिळालेले उत्तर असे की, दोन्हींपैकी कोणताच नाही.

हा घोटाळा कोठून येतो ते समजण्यासाठी आपण शाळेत शिकलेली एकमान पद्धत आठवावी लागेल. पाच किलो दळणाचे ४० रुपये झाले, तर एका किलोचे ८ रुपये आणि बारा किलोचे ९६. आधी एकाची किंमत काढायची, मग हवी तितक्यांची. पिठाच्या गिरणीत ही पद्धत अचूक चालते, कारण काहीच दळले नाही तर काहीच द्यावे लागत नाही. वजन आडव्या अक्षावर आणि पैसे उभ्या अक्षावर मांडून आलेख काढला, तर सरळ रेषा आरंभबिंदूतूनच निघते. आठवीच्या पुस्तकात यालाच समचलन म्हटले आहे. दुप्पट दळण, दुप्पट पैसे, आणि कोणत्याही दोन आकड्यांचा भागाकार तोच.

आपल्याकडे या हिशेबाची परंपरा फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त त्रैराशिकाचे एक उदाहरण आहे: अडीच पळे केशर जर ३/७ निष्काला मिळत असेल, तर ९ निष्कांत किती मिळेल? (पळ हे जुने वजन, निष्क हे जुने नाणे.) प्रमाण (३/७ निष्क), फल (अडीच पळे) आणि इच्छा (९ निष्क) या तीन राशी ओळखायच्या, फलाला इच्छेने गुणायचे आणि प्रमाणाने भागायचे. उत्तर साडेबावन्न पळे येते. मला हे उदाहरण आवडते, कारण त्यातले आकडे अवघड असले तरी रीत लख्ख आहे. पण त्यामागे एक गृहीत धरलेली गोष्ट आहे, आणि ती बहुधा आम्ही शिक्षक मुलांना पुरेशा स्पष्टपणे सांगत नाही. केशर घेतले नाही तर एक कवडीही द्यावी लागत नाही, ही ती गोष्ट होय. ती खरी नसेल तर त्रैराशिक आणि एकमान या दोन्ही पद्धती चुकीचे उत्तर देतात, आणि ते उत्तर दिसायला इतके नेटके असते की शंकाही येत नाही.

वहिनीच्या वहीत ही गोष्ट खरी नव्हती. पोळ्या ४२० झाल्या काय किंवा ९१० झाल्या काय, काही खर्च महिना उजाडला की ठरलेलाच होता. तो खर्च जूनमध्ये कमी पोळ्यांवर वाटला गेला म्हणून पोळी महाग दिसली, आणि ऑगस्टमध्ये जास्त पोळ्यांवर पसरला म्हणून स्वस्त दिसली. एका पोळीचा म्हणून जो खरा दर आहे, तो या वाटपाच्या खाली झाकलेला होता. तो उघडा करायचा उपाय दहावीच्या मुलांना निर्देशक भूमितीत येऊन गेलेला असतो, फक्त तिथे त्याला रेषेचा चढ म्हणतात. एकूण खर्चाला एकूण नगांनी भागण्याऐवजी खर्चांतल्या फरकाला नगांतल्या फरकाने भागायचे. दोन महिन्यांत जे सारखे होते ते वजाबाकीत आपोआप उडून जाते आणि पोळ्या वाढल्यामुळे जेवढे वाढले तेवढेच हाती राहते.

पोळ्यांतला फरक ९१० वजा ४२० म्हणजे ४९०. खर्चातला फरक २४,५४५ वजा १५,४८० म्हणजे ९,०६५ रुपये. भागाकार १८ रुपये ५० पैसे. एक पोळी जास्त केली की डाळ, गूळ, कणीक, तूप, वेलची, गॅस आणि पॅकिंग मिळून साडेअठरा रुपये वाढतात.

यानंतरचे पाऊल अनेक जण गाळतात, पण माझ्या मते सगळी खात्री त्यातच आहे. साडेअठराच्या दराने जूनच्या ४२० पोळ्यांचे ७,७७० रुपये होतात. ते १५,४८० मधून वजा केले की ७,७१० उरतात. पोळ्या आडव्या आणि खर्च उभ्या अक्षावर मांडून दोन महिन्यांचे बिंदू जोडले आणि ती रेषा मागे वाढवली, तर ती उभ्या अक्षाला जिथे भेटेल तो हा आकडा, म्हणजे एकही पोळी न करता होणारा महिन्याचा खर्च. मी वहिनीला विचारले, की महिन्याला ठरलेले असे कोणते खर्च आहेत? तिने वही न उघडता सांगितले, की मदतीला येणाऱ्या मावशींचे साडेसहा हजार आणि पोळ्या घरपोच देणाऱ्या मुलाला ठरवून दिलेले बाराशे. बेरीज ७,७०० होते. केवळ दोन बेरजांवरून, एकही तपशील न पाहता काढलेला आकडा दहा रुपयांच्या फरकाने खऱ्या पगारांशी जुळला, तेव्हा आम्हा दोघांनाही झालेला आनंद मला अजून आठवतो.

आता मंडळाच्या ऑर्डरकडे पुन्हा पाहू. मावशींचा आणि त्या मुलाचा पगार ती ऑर्डर घेतली असती तरी तितकाच राहिला असता. वाढले असते ते ३०० पोळ्यांचे ५,५५० रुपये, आणि मिळाले असते ९,०००. म्हणजे ३,४५० रुपये वर राहिले असते. या हिशेबात वहिनीच्या स्वतःच्या कष्टांचे मोल कोठेही धरलेले नाही, ही गोष्ट मला इथे मुद्दाम नोंदवावीशी वाटते. घरच्या व्यवसायाच्या वहीत स्वतःची मजुरी लिहायची पद्धतच नाही, आणि ती लिहिली जावी असे मला मनापासून वाटते, कारण तीनशे पोळ्या लाटून भाजण्याच्या श्रमांबद्दल ३,४५० रुपये पुरेसे आहेत की नाहीत हे तिचे तिनेच ठरवायचे आहे. मात्र ते ठरवण्यासाठी तिच्यासमोर योग्य आकडा असायला हवा होता. ३६ रुपये ८६ पैसे हा तो आकडा नव्हता.

दोन बिंदूंतून सरळ रेषा नेहमीच काढता येते. खर्च खरोखर रेषेवर चालतो की नाही हे तिसरा बिंदू सांगतो. म्हणून आम्ही ऑक्टोबर संपण्याची वाट पाहिली. त्या महिन्यात ६४० पोळ्या झाल्या. रेषेप्रमाणे खर्च ७,७१० अधिक ११,८४०, म्हणजे १९,५५० यायला हवा होता. वहीत १९,७२० होते. १७० रुपयांचा फरक शोधताना गुळाच्या एका ढेपीला जास्त पैसे पडल्याचे दिसले, आणि मला समाधान वाटले. शंभर-दोनशे रुपयांचा फरक रेषेच्या भोवतालीच असतो. हाच फरक दोन-तीन हजारांचा असता, तर साडेअठरावर विश्वास ठेवू नकोस असे मीच तिला सांगितले असते.

नोंदी निवडण्याबद्दलही थोडे सांगायला हवे. जून आणि ऑगस्टमधल्या पोळ्यांचे आकडे एकमेकांपासून खूप दूर होते आणि त्यामुळेच उत्तर भरवशाचे आले. समजा, ४२० आणि ४५० पोळ्यांचे दोन महिने घेतले असते आणि एखादी दीडशे रुपयांची नोंद राहून गेली असती, तर ती चूक ३० ने भागली जाऊन दरात ५ रुपयांचा फरक पडला असता. ४९० ने भागल्यावर तीच चूक जेमतेम ३१ पैशांची होते. वर्गात मी मुलांना घरून दोन बिले आणायला सांगतो, तेव्हा "सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वापराची आणा" असे बजावतो, ते याच कारणासाठी.

मुलांना ही कल्पना समजावताना पहिले उदाहरण बहुतेक रिक्षाचे सुचते आणि बहुतेक वेळा ते चुकीच्या पद्धतीने मांडले जाते, असा माझा अनुभव आहे. मुंबई महानगर प्रदेशात १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे किमान भाडे पहिल्या दीड किलोमीटरसाठी २६ रुपये आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला १७.१४ रुपये आहे. ऐकताना वाटते की २६ रुपये हा वहिनीच्या ७,७१० सारखा स्थिर खर्च आहे आणि त्यावर १७.१४ चा चढ. पण १७.१४ ला दीडने गुणून पाहा: २५.७१ येतात, म्हणजे पूर्ण रुपयात २६. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचेही तसेच, किलोमीटरला २०.६६ रुपये, त्याचे दीडपट ३०.९९, आणि किमान भाडे ३१. त्याआधी ऑक्टोबर २०२२ पासून लागू असलेल्या दरांतही रिक्षाचे १५.३३ चे दीडपट करून २३ येत होते. म्हणजे दीड किलोमीटरच्या पुढची भाड्याची रेषा मागे वाढवली तर ती जवळजवळ आरंभबिंदूतूनच जाते. सहा किलोमीटरच्या प्रवासाचे सुमारे १०३ रुपये झाले, तर सरळ सहाने भागून दर काढण्यात काही चूक नाही. वेगळेपण आहे ते फक्त सुरुवातीच्या दीड किलोमीटरच्या सपाट तुकड्यात. स्टेशनपासून सातशे मीटरवर उतरणाऱ्याला २६ रुपयेच द्यावे लागतात आणि त्याने किलोमीटरचा दर काढला तर तो ३७ रुपयांच्या वर जातो. किमान भाडे आणि स्थिर आकार या दोन गोष्टी बोलताना सारख्या वाटतात, पण आलेखात त्यांचे रूप अगदी निराळे असते. म्हणून मी हे उदाहरण आता पहिले न घेता दुसरे घेतो.

घरच्या विजेच्या बिलाने मला याहून जास्त शिकवले. एकाच दरपत्रकाखालच्या दोन महिन्यांची माझी बिले अशी होती: १४२ युनिटला १,३८९ रुपये आणि १८८ युनिटला २,००० रुपये. सरळ भागाकाराने पहिल्या महिन्यात युनिट ९ रुपये ७८ पैशांना पडले आणि दुसऱ्या महिन्यात १० रुपये ६४ पैशांना. पोळ्यांच्या बाबतीत जास्त नगांना सरासरी उतरली होती. इथे जास्त वापराला सरासरी चढली आहे. फरकाला फरकाने भागले, म्हणजे ६११ रुपयांना ४६ युनिटांनी भागले, की १३ रुपये २८ पैसे येतात. पुढे रेषा मागे वाढवून पाहिली, तर १४२ युनिटांचे या दराने सुमारे १,८८६ रुपये होतात, जे बिलापेक्षाही जवळपास पाचशेने जास्त आहेत. म्हणजे शून्य युनिटला बिल उणे पाचशे रुपये!

हे उत्तर पाहून मुले हिशेब चुकला असे समजतात आणि खोडायला लागतात. मी त्यांना थांबवतो. वीज न वापरता कोणी आपल्याला पाचशे रुपये देणार नाही हे खरे, पण ऋण आलेला हा आकडा एक नेमकी माहिती देतो. रेषा वाटेत कुठेतरी वाकलेली आहे आणि वाकण्याआधीचा तुकडा कमी चढाचा आहे, ही ती माहिती. घरगुती बिलात वापराचे टप्पे असतात: पहिली १०० युनिटे कमी दराने, १०१ ते ३०० त्याहून बऱ्याच जास्त दराने, त्यापुढची आणखी जास्त दराने. माझी दोन्ही बिले दुसऱ्या टप्प्यातली होती, म्हणून मला मिळालेला चढ त्या टप्प्याचा होता. त्यात वीज आकार, वहन आकार आणि त्या दोन्हींवरचे १६ टक्के वीज शुल्क हे सारे एकत्र आले होते. स्थिर आकार वजाबाकीत उडून गेला. एक बिल नव्वद युनिटांचे आणि दुसरे दोनशेचे असते, तर दोन वेगळ्या चढांची खिचडी झाली असती आणि आलेला दर कोणत्याच टप्प्याचा नसता. म्हणून लांबचे बिंदू घ्यावेत हा वर सांगितलेला नियम रेषा वाकत नाही तोपर्यंतच पाळायचा असतो.

याचा उपयोग मला छताचे पंखे बदलताना झाला. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेत होता आणि बीएलडीसी मोटरचा नवा पंखा ३० वॅट. दिवसाला दहा तास धरले तर महिन्याला साडेतेरा युनिटे वाचतात. सरासरीच्या ९ रुपये ७८ पैशांनी ही बचत १३२ रुपयांची दिसते, आणि अडीच हजारांचा पंखा एकोणीस महिन्यांत वसूल होतो. पण वाचणारी युनिटे ही नेहमी सर्वांत वरची, म्हणजे सर्वांत महाग युनिटे असतात. पहिली स्वस्त शंभर जागची हलत नाहीत. १३ रुपये २८ पैशांनी बचत १७९ रुपये होते आणि पंखा चौदा महिन्यांत वसूल होतो. ज्यांचे बिल शंभर युनिटांच्या आतच असते, त्यांना मात्र हा हिशेब लागू नाही आणि त्यांनी माझ्या आकड्यांवरून पंखा घेऊ नये.

दुकानातल्या पाकिटांवर अलीकडे छापील किमतीशेजारी एकक विक्री किंमतही दिलेली असते. आवेष्टित वस्तूंच्या नियमांत २०२१ मध्ये केलेल्या दुरुस्तीने ही सोय आली आणि ती मला फार मोलाची वाटते. तरी ती वाचताना एक काळजी घ्यावी. किलोहून कमी वजनाच्या पाकिटावर ग्रॅमचा दर असतो, किलोहून जास्त असेल तर किलोचा, आणि दोन्ही दशांशचिन्हानंतर दोन स्थळांपर्यंत. कपडे धुण्याच्या पावडरचे ५०० ग्रॅमचे पाकीट ६२ रुपयांना असेल तर ग्रॅमला ०.१२४, म्हणजे छापील ०.१२. आठशे ग्रॅमचे ९३ रुपयांना असेल तर ०.११६२५, म्हणजे पुन्हा ०.१२. पाकिटांवर दर सारखा दिसतो, पण किलोवर नेला तर १२४ आणि ११६ रुपये २५ पैसे, असा पावणेआठ रुपयांचा फरक निघतो. स्वस्त वस्तूंच्या बाबतीत ग्रॅमचा छापील दर बाजूला ठेवून किलोचा दर आपणच काढावा हे बरे. ज्यांनी लहानपणी पावकी, निमकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ केले, ती मागची पिढी हे दुकानात उभ्या उभ्या करीत असे.

वहिनीच्या वहीत आता प्रत्येक महिन्याच्या शेवटी तीन ओळी असतात: ठरलेला खर्च, नग आणि नगामागचा खर्च. ठरलेला खर्च वर्षातून एकदा, मावशींचा पगार वाढतो तेव्हा बदलतो. नगामागचा आकडा ती दर दोन-तीन महिन्यांनी दोन पानांच्या वजाबाकीतून पुन्हा काढते, कारण तुपाचा भाव वाढला की तो लगेच सरकतो.

होळीच्या आधी त्याच मंडळाचा पुन्हा फोन आला. या वेळीही ३०० पोळ्या, आणि त्या एकाच दिवशी हव्या होत्या. वहिनीने मला फोन केला तो हिशेब विचारायला नव्हे, सांगायला. एका दिवसात दीडशेच्या पुढे पोळ्या करायच्या तर दुसरी मदतनीस लागते, तिचे दिवसाचे ८०० रुपये. तेव्हा रेषा दीडशेपाशी एक पायरी वर चढते, हे तिने स्वतःच ओळखले होते. साडेअठराच्या दराने ५,५५० आणि वर ८०० धरून ६,३५०, म्हणजे नगाला २१ रुपये १७ पैसे. तिने ३२ रुपये सांगितले, मंडळाने ते मान्य केले, आणि ९,६०० रुपयांतून राहिलेले ३,२५० रुपये तिने वहीत प्रथमच 'माझी मजुरी' या नावाने लिहिले.